हवा जायला वाट

कुवेतमध्ये मी तेरा वर्षं काढली, त्यातली अकरा वाफेच्या शेजारी. बाहेर उन्हाने डांबर मऊ व्हायचं आणि आत बॉयलर पेटलेला असायचा. असं नशीब कोणी मागून घेत नाही. पण राजापूरच्या अलीकडल्या गावातून आयटीआय करून निघालेल्या फिटरला ‘तुम्हाला काय आवडेल?’ असं कोणी विचारत नाही, आणि मलाही कोणी विचारलं नाही. शुवैखमधल्या एका मोठ्या लाँड्रीत मी बॉयलर सांभाळायचो. हॉटेलांच्या चादरी, हॉस्पिटलांचे डगले, कुवेती लोकांचे पांढरे झगे, सगळ्यांची इस्त्री वाफेवर. राहायला जलीबला, एका खोलीत आठजण, आठांतले पाच कोकणातले.

लाँड्रीत एक नियम होता. वाफेचा आवाज बाहेर आला की कोणाची तरी चूक झालेली असते. आमचा फोरमन एक कान पुढे करून पाइपांखालून फिरायचा. कुठे बारीक ‘स्स्स’ ऐकू आलं की तिथेच थांबून मला बोलवायचा आणि सगळ्यांसमोर विचारायचा, हे डिझेल तुझ्या घरून येतं का? पहिल्या वर्षी मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. दुसऱ्या वर्षापासून माझाच कान पुढे झाला. आमच्या धंद्यात फुसफुसणारा सांधा म्हणजे भर मांडवात सुटलेलं धोतर. माझ्या बॉयलरवर बर्नरच्या घरघरीखेरीज काही ऐकू येत नाही, याचा मला गर्व होता, आणि गर्व मी लपवतही नसे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. जानेवारीचे दिवस होते. एका सोमवारी सकाळी लाँड्रीच्या मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, मला ऑफिसात बोलावलं. त्याची एक मावशी शामियात राहायची. तिच्या घरातलं घर तापवायचं यंत्र बंद आहे, तू वाफेतला माणूस आहेस, जाऊन बघ, असं म्हणाला. मला हसू आलं. कुवेतमध्ये घर तापवायचं यंत्र! ते सुद्धा वाफेचं. कोणी तरी चेष्टा करतंय असं वाटलं. तरी तिथला जानेवारी ज्याने पाहिला नाही त्यानेच हसावं. वाळवंटावरून वारा सुटला की जलीबच्या खोलीत आम्ही माकडटोपी घालून, दोन-दोन ब्लँकेटं ओढून झोपायचो.

लाँड्रीची व्हॅन चालवणारे चाचा मला घेऊन निघाले. चाचा रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. पंचवीस वर्षांत कुवेतचा प्रत्येक गल्लीबोळ आणि प्रत्येक शिपायाचा स्वभाव त्यांना पाठ झाला होता. अरबी तर असं बोलायचे की टेलिफोनवर समोरच्याला ते इथलेच वाटावेत. वाटेत त्यांनी मला सल्ला दिला, म्हातारीसमोर जास्त शहाणपणा करू नकोस. तो मी ऐकला असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

म्हातारीला सगळे हज्जिया, म्हणजे हज करून आलेली, असं म्हणायचे, मीही तेच म्हणू लागलो. तिने दारातच मला हिंदीत विचारलं, "तुम रत्नागिरी का?" मी चाटच पडलो. लहानपणाची सहा वर्षं तिने मुंबईत काढली होती. तिच्या वडिलांचा खजूर आणि मोत्यांचा धंदा तिथे होता, आणि घरी रत्नागिरीचा बावर्ची होता. चेहऱ्याच्या ठेवणीवरून ती आमच्याकडचा माणूस ओळखते, असं ती म्हणाली. तिचं हिंदी भायखळ्याच्या बाजारातलं होतं, पन्नास वर्षं कपाटात ठेवून जपलेलं. मग माझं आणि तिचं मध्ये कोणी न घेता जमलं.

तिने मला सगळं सरळ सांगितलं. तिचा नवरा तीन आठवडे हॉस्पिटलात होता. छाती गेलेली. गुरुवारी घरी सोडणार होते, पण प्राणवायूचं नळकांडं कायम उशाशी राहणार होतं. म्हणजे खोलीत कोळशाची शेगडी नको आणि लाल तारेचा हीटरही नको. थंडी तर अजिबात नको, आणि तोंडावर फेकलेली गरम हवाही नको, त्याने खोकल्याची उबळ येते. मोठ्या मुलाचं म्हणणं होतं, बाबांना माझ्या नव्या घरी न्यावं, तिथे सगळी सोय आहे. हज्जियाला ते मान्य नव्हतं. तिथे मुलाचं घर आहे, तिथे आपला नवरा पाहुणा होईल आणि पाहुणा म्हणूनच मरेल, असं ती म्हणाली. मरण हा शब्द तिने कसलीही तयारी न करता उच्चारला, त्याने मी जरा चपापलो. शेवटी मुलाने एक अट घातली होती. गुरुवारी सकाळपर्यंत बाबांची जुनी खोली गरम झाली तर बाबा इथे येतील. नाही झाली तर गाडी हॉस्पिटलातून थेट नव्या घरी जाईल.

"तीन दिन है," ती म्हणाली. मी छाती पुढे काढून म्हटलं, एक दिवस पुरे.

ते यंत्र तिच्या नवऱ्याचंच लाडकं. तरुणपणी तो कुठल्याशा थंड देशात शिकायला गेला होता, आणि चार हिवाळे रेडिएटरला पाठ लावून अभ्यास करून परत आला. पुढे घर बांधलं तेव्हा त्याने बोटीने बॉयलर आणि सहा रेडिएटर मागवले. शेजारी हसले. आठ महिने जिथे लोक सावली शोधत फिरतात तिथे हा लोखंडी थाट म्हणजे नाकापेक्षा मोती जडच. पण दर हिवाळ्यात तो स्वतः तळघरात उतरायचा, स्वतः बॉयलर पेटवायचा, आणि दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही. नव्वदच्या इराकी आक्रमणात घर लुटलं गेलं. गालिचे गेले, पंखे गेले, नळसुद्धा उपटून नेले. रेडिएटर राहिले, कारण एकेकाला उचलायला चार माणसं लागली असती. त्यानंतर त्याच्या अंगात जोर उरला नाही, बॉयलर थंडच राहिला, आणि रेडिएटरवर हज्जिया ओले टॉवेल वाळत घालू लागली.

मी तळघरात उतरलो. बॉयलर बघून मला तो आवडला. बुटका, जाड, आमच्या लाँड्रीच्या बॉयलरचा म्हातारा काका वाटावा असा. बर्नरची नोझल साफ केली, काजळी खरवडली, तळाचा गढूळ गंज धुऊन काढला, सेफ्टी व्हॉल्व हाताने उचलून बघितला, काचेच्या नळीत पाण्याची पातळी आणली. मग वर जाऊन रेडिएटर तपासू लागलो, आणि तिथे मला एक नवीनच वस्तू दिसली.

लाँड्रीत वाफ एका पाइपने जाते आणि तिचं झालेलं पाणी दुसऱ्या पाइपने परत येतं. इथे प्रत्येक रेडिएटरला पाइप एकच होता. वाफ त्यातूनच वर यायची आणि पाणी त्यातूनच खाली जायचं. पाइपाच्या विरुद्ध टोकाला, साधारण कमरेच्या उंचीवर, अंगठ्याएवढी एक पांढऱ्या धातूची कुपी उभी बसवलेली. तिच्या डोक्याला टाचणीचं टोक जाईल एवढं भोक. आटे एक सुताचे, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचे. असं काही मी जन्मात बघितलं नव्हतं. मी तिचं नाव शिट्टी ठेवलं आणि हज्जियाला विचारलं, हे काय? ती म्हणाली तिला ठाऊक नाही, पण नवरा म्हणायचा, पहले बहुत आवाज, फिर चुप. मी मान हलवली आणि सोडून दिलं. पन्नास वर्षं चुलीपुढे असलेल्या बाईला वाफेतलं काय कळणार, असं माझ्या मनात आलं. आज ते लिहितानाही लाज वाटते.

दुपारी बॉयलर पेटवला. अर्ध्या तासात पाइप तापू लागले, आणि मग सहाच्या सहा शिट्ट्या बोलू लागल्या. कोणी फुस्स करी, कोणी श्वास अडकल्यासारखी थांबून थांबून, आणि म्हाताऱ्याच्या खोलीतली तर चक्क थुंकू लागली. हज्जियाने त्याच्यासाठी पांढरी चादर घालून ठेवली होती, तिच्यावर गंजाचे शिंतोडे उडाले. हज्जिया हसत होती. कितीतरी वर्षांनी हा आवाज आला, म्हणाली. माझ्या मात्र अंगावर काटा आला. सहा गळत्या! फोरमन इथे असता तर मला उभा जाळला असता.

मी खाली धावलो, बर्नर बंद केला. पाइप निवल्यावर सहाही शिट्ट्या काढल्या आणि त्या जागी सफेदा लावून, धागा गुंडाळून पितळी बुचं घट्ट बसवली. हज्जियाने विचारलं, निकाला क्यों? मी तिला पाच मिनिटं भाषण दिलं: वाफ म्हणजे डिझेल, आवाज म्हणजे नुकसान, आता एक थेंब बाहेर येणार नाही. खरंच आला नाही. त्या कामाची सफाई अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. सहा बुचं, सहाही सरळ रेषेत.

मंगळवारी सकाळी पुन्हा पेटवला. घर शांत. मी खूश. तासाभराने हज्जियाने मला वर बोलावलं आणि म्हाताऱ्याच्या खोलीतल्या रेडिएटरवर माझाच हात ठेवला. गार. पाइप हात लावू देत नव्हता इतका गरम, आणि रेडिएटर माठासारखा गार. बाकीच्या खोल्यांत थोडी थोडी ऊब होती; बॉयलरला जवळ तिला जास्त, लांब तिला कमी. ही खोली सगळ्यांत लांब.

मग माझी जी धावपळ सुरू झाली तिला आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात. आधी वाटलं व्हॉल्व अडकला असेल. खोलून बघितला, तो ठीक होता. मग वाटलं तळघरातल्या लांब पाइपातच वाफ थंड होत असेल, म्हणून हज्जियाकडून जुन्या सतरंज्या मागून सगळा पाइप गुंडाळला. मग पाणसळ लावली. खोलीतला रेडिएटर उलट्या बाजूला कलला होता. लांबच्या पायाखालची लाकडी पाचर कुजून गेली होती. त्यामुळे आतलं पाणी परत पाइपाकडे न जाता तिथेच साचत होतं, आणि वाफ त्याच्यावर आदळून ठोके पडत होते. नवी पाचर तासून घातली आणि ठोके बंद झाले. तो दोष खरा होता आणि तो मी बरोबर ओळखला होता, म्हणून मला वाटलं, आता जिंकलो. रेडिएटर गारच.

शेवटी लाँड्रीवाल्याला जे सुचणार तेच सुचलं. दाब वाढवला. पाव किलोवरून अर्धा, अर्ध्यावरून पाऊण. आणि गंमत म्हणजे त्याने फरक पडला. त्या रेडिएटरला दहा उभे खण होते; पहिला गरम होता, दुसराही झाला. मला वाटलं सापडलं. आणखी वाढवला, तर तळघरात सेफ्टी व्हॉल्व असा काही किंचाळला की वरून हज्जियाचा देवाचा धावा ऐकू आला. मी बर्नर बंद करून वर आलो तर ती जिन्याच्या तोंडाशी उभी होती. "तुम हमारा घर उडाएगा?" तिने विचारलं, आणि ती चिडलेली नव्हती, खरोखर विचारत होती. त्या दिवशी निघताना मी तिच्याकडे बघितलं नाही.

बुधवारी दुपारी मी त्या खोलीत जमिनीवर बसलो होतो. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून रेडिएटरवरून हात फिरवत होतो. पहिला खण चटका देणारा, दुसरा तसाच, आणि तिसरा एकदम गार. मधे कोमट काहीच नाही. हे मला आधीच खटकायला हवं होतं. लोखंड असं वागत नाही. एका टोकाला तापलं की ऊब हळूहळू पुढे सरकते. इथे तर सुरीने कापल्यासारखी हद्द होती. म्हणजे पलीकडे काहीतरी बसलेलं होतं आणि ते वाफेला आत येऊ देत नव्हतं. पण काय? पाणी असेल तर पाचरीने गेलं असणार. तरी खात्री करावी म्हणून मी बूच दोन आटे सैल केलं.

पाणी आलं नाही. हवा आली. गार, गंजाच्या वासाची हवा, बारीक धारेने, आणि ती संपेचना. मी ओलं बोट पुढे धरून बसलो. डावा तळवा तिसऱ्या खणावर होता. तो तापला. मी हात चौथ्यावर सरकवला, तोही तापला. पाचवा, सहावा. इकडे हवा बाहेर जात होती आणि तिकडे वाफ एकेक खण पुढे येत होती, आणि मी तिच्यापुढे हात घेऊन सरकत होतो. इतकी वर्षं वाफेत घालवून मला तोवर कधी सुचलंच नव्हतं की रिकामा पाइप रिकामा नसतो, त्याच्यात हवा असते, आणि ती गेल्याशिवाय वाफेला जागा नाही. लाँड्रीत ते काम परतीच्या पाइपावरचे ट्रॅप करतात, हवा-पाणी सोडून वाफ अडवणारे; त्यांनी ते चुपचाप केलं आणि मी कधी विचारलं नाही. दहावा खण तापला आणि बुचातून खरी वाफ आली. माझा अंगठा भाजला. मी बूच आवळलं आणि तसाच अंगठा तोंडात घालून हसत बसलो.

मग शिट्ट्या आठवल्या. काखेत कळसा म्हणतात तसं माझ्याच पिशवीत बिस्किटांच्या डब्यात त्या पडलेल्या होत्या. फिटर काही फेकत नाही. एकेक तोंडात धरून फुंकली. दोनांतून हवा गेली; चार बुजलेल्या, सोमवारी थुंकलेला ओला गंज भोकात सुकून बसला होता. त्यातली एक चालू शिट्टी घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो आणि किटलीच्या तोंडावर धरली. आधी तिच्या भोकातून वाफ आली, मग आत बारीकसं ‘टक्’ झालं आणि वाफ थांबली. गार पाण्यात बुडवली, पुन्हा टक्. फुंकली, हवा जात होती. मी हे सात वेळा केलं. दोन वेळा कामासाठी, बाकीच्या नुसत्या बघण्यासाठी. हवा आली की दार उघडं, वाफ आली की बंद, आणि हे सगळं ती कुपी कोणी न सांगता करत होती. नंतर एक निकामी झालेली कापून बघितली तेव्हा आत पातळ पत्र्याची फुगणारी डबी निघाली. त्या दिवशी मला ते माहीत नव्हतं. पहले बहुत आवाज, फिर चुप, एवढं मात्र आता कळलं.

चारही बुजलेल्या शिट्ट्या मी हज्जियाच्या पातेल्यात व्हिनेगर घालून उकळायला ठेवल्या. लाल पाणी सुटू लागलं. मधल्या वेळात बॉयलर बंद करून, पाइप निवू देऊन, सहाही बुचं काढली. आणि नेमका तेव्हाच मोठा मुलगा आला, चाचांना सोबत घेऊन.

मुलगा पन्नाशीचा, मऊ बोलणारा. त्याने बापाच्या खोलीत जाऊन रेडिएटरवर हात ठेवला. अर्थात गार. बुचं जमिनीवर, आटे उघडे, स्वयंपाकघरातून व्हिनेगरचा आंबट वास. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो आईला म्हणाला, आणि चाचांनी मला हळू आवाजात अर्थ सांगितला: वस्तू जुनी झाली, कोणाचा दोष नाही. बाबा उद्या माझ्याकडे येतील. पुढच्या आठवड्यात माणसं पाठवून हे लोखंड काढून टाकू. पलंगावरची चादर हज्जियाने बदलली होती, तिची कड ती पुन्हा पुन्हा सारखी करत राहिली.

मी चाचांना बाजूला घेऊन सांगितलं की यंत्र चांगलं आहे, बुचं मी मारली, माझी चूक आहे, हे त्यांना सांगा. चाचा डोळे वटारून म्हणाले, "तू काय एक बोलू नको. पायप जुना हाय म्हनून सांगतो मी. ह्यांचा मुदीर भाचा लागतो, सफर करतील तुला." सफर करणं म्हणजे इकामा, राहण्याचा परवाना, रद्द करून घरी धाडणं. ते खोटं बोलत नव्हते. तीन दिवस मी दुसऱ्याच्या घरात शहाणपणा करून काम बिघडवलं, एवढं एक वाक्य त्याला पुरेसं होतं. मग ते मुलाकडे वळले आणि अरबीत बोलले. माझं अरबी बाजारहाटापुरतं, पण ‘कदीम’ म्हणजे जुना, एवढं मला कळत होतं. ते दोन वेळा कदीम म्हणाले. मुलगा मान हलवत होता.

मी घाबरलो होतो हे कबूल करतो. घरी बायको, दोन वर्षांची मुलगी, अर्धं बांधलेलं घर. पण गणित अगदी सोपं होतं आणि त्याच्यातून सुटका नव्हती. यंत्र दोषी ठरलं तर म्हातारा परक्या घरी जाणार. ते निर्दोष ठरायचं तर दोषी मी ठरायला हवा. आणि चादरीवरून फिरणारा तो हात माझ्याने बघवत नव्हता.

"हज्जिया," मी म्हटलं, "मशीन में खराबी नहीं है. खराबी मैंने किया."

तिचा हात थांबला. मी तिला हिंदीत सगळं सांगितलं, बुचांपासून अंगठ्यापर्यंत. चाचांनी कपाळाला हात लावला. हज्जियाने मुलाकडे वळून बराच वेळ अरबीत सांगितलं, आणि मुलगा तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता. मग त्याने चाचांकरवी मला विचारलं, तू बोलला नसतास तर मला कधी कळलंही नसतं, मग का बोललास? मी म्हटलं, पाइप जुना असेल तर दुरुस्त होणार नाही, माझी चूक असेल तर होईल. त्याने घड्याळात बघितलं. उद्या नऊ वाजता मी इथे येईन, नऊ वाजता खोली गरम पाहिजे, असं म्हणून तो गेला.

चाचांनी मला जलीबला सोडलं आणि उतरताना खुळा म्हणाले. दुसऱ्या दिवशी मात्र पहाटेच्या नमाजानंतर, ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी, व्हॅन घेऊन खोलीच्या दाराशी हजर होते.

सहा शिट्ट्या ताठ उभ्या बसवल्या. कललेली शिट्टी पाणी धरते आणि थुंकते, हेही आता समजलं होतं. दाब इतका कमी ठेवला की काट्याला तो आहे की नाही कळेना. दाब जास्त झाला की शिट्टी एकदा मिटली ती उघडायचीच नाही. बर्नर पेटवून मी म्हाताऱ्याच्या खोलीत जाऊन बसलो. सात वाजून गेल्यावर घरभर फुसफुस सुरू झाली. आयुष्यात पहिल्यांदा मला तो आवाज गोड वाटला. एकेक खोलीतली शिट्टी बोलून गप्प होत गेली. ही सगळ्यांत शेवटची. ती बोलतच राहिली, बोलतच राहिली, आणि मग टक् झालं आणि खोली शांत झाली. क्षणभर मला वाटलं पुन्हा बिघडलं. हात लावला तर दहावा खण चटका देत होता.

माझ्या नोकरीचं काय झालं ते इथेच सांगून टाकतो: काहीच झालं नाही. मुदीरने तो विषय माझ्याजवळ कधी काढला नाही. त्या सकाळी मला हे माहीत नव्हतं. नऊ वाजता मुलगा आत आला. त्याने रेडिएटरला हात लावला, झटकन मागे घेतला, आणि हॉस्पिटलात जायला निघाला.

दुपारी म्हाताऱ्याला आणलं. मी तोवर थांबलो होतो, हज्जियाने जाऊ दिलं नाही. चाकाच्या खुर्चीतून उतरवलेला तो माणूस मला वाटलं होतं त्याच्या निम्मासुद्धा नव्हता. मांडीवर प्रवासापुरतं छोटं नळकांडं, नाकात नळी. पुरुषभर उंचीची दोन मोठी नळकांडी व्हॅनमध्येच होती, कारण मुलाचं मन अजून ठरलं नव्हतं. आधी थोडा वेळ बघू, तो आईला म्हणाला. त्यांना थंडी वाजली तर लगेच निघू.

म्हाताऱ्याला पलंगावर निजवलं, दोन ब्लँकेटं घातली. तो रेडिएटरकडे बघत होता. मुलगा पायाशी उभा, हज्जिया उशाशी, मी आणि चाचा दारात. दहा मिनिटं गेली असतील. मग ब्लँकेटाखालून एक पाऊल बाहेर आलं, अगदी हळू. हज्जियाने ते आत सारून पांघरूण नीट केलं. ते पुन्हा बाहेर आलं. या वेळी दुसरंही. तिने पुन्हा झाकायला हात पुढे केला, तेव्हा म्हातारा अरबीत एकच शब्द बोलला. गरम होतंय, म्हणाला.

मुलगा त्या दोन उघड्या पावलांकडे बघत राहिला. मग त्याने चाचांना सांगितलं, मोठी नळकांडी आत आणा. चाचांनी पहिल्याचं एक टोक धरलं, दुसरं मी. ते जड होतं आणि माझ्या डोळ्यांना धड दिसत नव्हतं, म्हणून मी उंबऱ्याला अडखळलो. हज्जियाने दार पूर्ण उघडून धरलं आणि पलंगाच्या उशाकडचा कोपरा दाखवला.

"इधर रखो," ती म्हणाली. "दीवार के पास. अब ये किधर नहीं जाएगा."